नॅसमधल्या डिस्क, पूल आणि व्हॉल्यूम: कुठे हात घालायचा, कुठे नाही

डिस्क बिघडली की नॅसमधला (नेटवर्कवरून वापरायच्या, अनेक डिस्कांच्या साठवण-यंत्रातला) डेटा जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची मांडणी) असेल तर एक डिस्क गेल्याने सहसा काहीच जात नाही. जातं ते त्यानंतरच्या घाईत. शेजारच्या चांगल्या डिस्कचा ट्रे ओढला जातो, ‘रिपेअर’ऐवजी ‘क्रिएट’ दाबलं जातं, कॅश (वेग वाढवण्यासाठीची तात्पुरती साठवण) बंद न करताच तिची एसएसडी उपसली जाते. म्हणून स्टोरेजचं कुठलंही काम काढण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या: आपण कोणत्या थराला हात लावतोय, आणि केलेलं परत फिरवता येतं का.

थर चार आहेत. सगळ्यात खाली डिस्क. काही डिस्क मिळून रेडचा गट होतो, त्यावर स्टोरेज पूल. पूलमधून जागा कापून व्हॉल्यूम करतात. फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलांची नोंद ठेवणारी व्यवस्था, असते ती या व्हॉल्यूमवर. आणि व्हॉल्यूमवर शेअर्ड फोल्डर. आयस्कझी (नेटवर्कवरून आख्खी डिस्क असल्यासारखी जागा देण्याची पद्धत) वापरत असाल तर लन, म्हणजे तशी दिलेली जागा, तीसुद्धा. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे नावं साधारण हीच. ट्रूनॅस या नॅससाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे तिच्या झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये, डिस्कांचा गट म्हणजे व्हीडेव्ह, एक किंवा अनेक व्हीडेव्ह मिळून पूल, आणि त्यावर डेटासेट. डेटासेटला ठरीव आकार नसतो. सगळे एकाच मोकळ्या जागेतून घेतात, त्यामुळे एखाद्याला आवरायचं तर कोटा (जागेची मर्यादा) लावावा लागतो.

वरच्या थरावर काही पुसलं तर खालचं शाबूत राहतं. खालचं पुसलं की वरचं सगळं गेलं. शेअर्ड फोल्डर पुसला तर फक्त तो फोल्डर जातो, पूल पुसला तर त्यावरचे सगळे व्हॉल्यूम जातात. मेन्यूमध्ये ‘रिमूव्ह’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून डावीकडे नेमकं काय निवडलेलं आहे ते बघूनच पुढे जा.

सिनॉलॉजीवर आणखी एक लपलेला थर असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा छोटा हिस्सा आतल्या हार्ड डिस्कवर मिररसारखा, म्हणजे प्रत्येकीवर तीच प्रत असा, ठेवलेला असतो. ‘सिस्टिम पार्टिशन फेल्ड’ हा निरोप या हिश्शाबद्दलचा असतो, तुमच्या डेटाबद्दलचा नाही. तिथे दिसणारी दुरुस्ती वेगळी आणि ती काही मिनिटांत संपते. तो निरोप वाचून चांगली डिस्क बदलायला धावू नका.

डिस्क घेताना

क्षमता आणि किंमत बघून डिस्क घेतली जाते, पण त्याआधी विचारायला हवं की ती सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक (तबकडीवरची डेटाची गोल रेघ) सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे मधला एक बदलायचा तर पुढचे कित्येक पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या किरकोळ वापरात हे कळत नाही, कारण डिस्क आधी एका राखीव पट्ट्यात लिहिते आणि निवांत वेळ मिळाला की नीट लावते. रीबिल्डमध्ये, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करताना, तो निवांत वेळ मिळतच नाही. सलग पंधरा-वीस तास लिहायचं असतं, राखीव पट्टा भरतो, वेग कोसळतो आणि कधी कधी नॅस त्या डिस्कला मेलेली समजून बाहेर काढतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यानंतर कंपनीने सीएमआरवाल्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. (इथलं रेड म्हणजे लाल रंग; डिस्कांच्या रेडशी त्याचा संबंध नाही. मराठीत लिहिताना हा घोळ अटळ आहे.) मालिकेच्या नावावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधा.

दुसरी गोष्ट चूक-वेळेची मर्यादा. नॅससाठीच्या डिस्कला एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा लहानसा तुकडा) वाचता आला नाही तर ती साधारण ७ सेकंद प्रयत्न करून हात वर करते. मग रेड बाकीच्या डिस्कांवरून तो तुकडा काढून परत लिहितं आणि काम पुढे चालतं. डेस्कटॉपसाठीची डिस्क एकटी असते, म्हणून ती हट्टाने मिनिट-दोन मिनिटं झगडत बसू शकते. लिनक्स मात्र सहसा ३० सेकंदच वाट बघतो. एवढ्या फरकापायी धडधाकट डिस्क गटातून बाहेर फेकली जाते.

चार डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतल्या तर त्या एकाच उत्पादन गटातल्या निघण्याची शक्यता मोठी, आणि दोषही सारखेच. दोन ठिकाणांहून घ्या, किंवा महिन्याच्या अंतराने घ्या. बदली डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. थोडी लहान असली तरी नॅस ती नाकारू शकतं.

नवी डिस्क थेट पूलमध्ये टाकू नका. आधी स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीची, विस्तारित चाचणी लावा. ती पूर्ण पृष्ठभाग वाचते, त्यामुळे ८ टीबीच्या डिस्कला बारा ते पंधरा तास लागतात. रात्री लावून ठेवायचं काम. वाहतुकीत आदळलेली डिस्क बहुतेक वेळा इथेच पकडली जाते, आणि तेव्हा ती परत करणंही सोपं असतं.

जागेचा हिशेब

८ टीबीच्या चार डिस्क आहेत असं धरू. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या हिशेबाला) जाते आणि २४ टीबी उरतात. रेड ६ मध्ये दोन जातात, १६ उरतात. रेड १० मध्येही १६ च. मग नॅसच्या पडद्यावर २४ च्या जागी २१.८ का दिसतं? उत्पादक एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात मोजतो, नॅस दोनचा चाळिसावा घात मोजतं आणि लिहितं मात्र टीबीच. ८ चे ७.२८ होतात. चोरी नाही, मोजपट्टी वेगळी आहे. वर फाइल सिस्टिम स्वतःसाठी थोडी जागा घेते ती निराळी.

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क असतील तर साधं रेड सगळ्यांत लहान डिस्कला प्रमाण मानतं. ४, ४, ८, ८ अशा चार डिस्कांचं रेड ५ केलं तर १२ टीबी मिळतात आणि मोठ्या डिस्कांचा उरलेला अर्धा भाग पडून राहतो. सिनॉलॉजीचं एसएचआर (त्यांची स्वतःची रेडची पद्धत) तो उरलेला भाग वेगळा मिरर करून वापरतं, म्हणून तिथे १६ मिळतात. एका डिस्कच्या सुरक्षिततेच्या एसएचआरचा सोपा हिशेब: सगळ्यांची बेरीज वजा सर्वांत मोठी डिस्क. मात्र एसएचआर एकदा घेतलं की त्यावरून साध्या रेड ५ किंवा ६ वर जाता येत नाही. सगळं पुसून नव्याने मांडावं लागतं.

रेड ५ की ६? डिस्क ४ टीबीपेक्षा मोठ्या आणि संख्येने पाच किंवा जास्त असतील तर ६, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. अनेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ‘दहाच्या चौदाव्या घाताएवढ्या बिटांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक’ असं लिहिलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. ही वरची मर्यादा आहे, त्यामुळे १२.५ टीबी वाचले की चूक होणारच असा अर्थ काढून लोकांना घाबरवणं बरोबर नाही. पण रेड ५ मधली एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि त्या वेळी हाताशी दुसरी पॅरिटी नसते, हे खरं आहे. रेड ६ मध्ये ती असते. रेड ० बद्दल इतकंच: एक डिस्क गेली की सगळं गेलं.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पुसलेली फाइल रेड तितक्याच तत्परतेने सगळ्या डिस्कांवरून पुसतं. दुसरी प्रत दुसऱ्या यंत्रावर हवी, आणि तिच्यातून एखादी फाइल अधूनमधून खरंच परत आणून बघायला हवी.

व्हॉल्यूम किती आणि केवढे

सुरुवातीला उत्साहात फोटोंचा वेगळा, कामाचा वेगळा, कॅमेऱ्यांचा वेगळा असे व्हॉल्यूम पाडले जातात. वर्षभरात एक ओसंडतो आणि शेजारी दुसरा रिकामा असतो. सिनॉलॉजीच्या स्टोरेज मॅनेजरमध्ये व्हॉल्यूम वाढवता येतो, लहान करता येत नाही. एक्सएफएस ही फाइल सिस्टिमही आकसत नाही. ईएक्सटी४ आकसते, पण बंद अवस्थेत. त्यामुळे शंका असेल तेव्हा लहान व्हॉल्यूम करा आणि पूलमध्ये जागा शिल्लक ठेवा. वाढवणं हे दोन क्लिकचं काम आहे. त्याहून सोपं म्हणजे एकच व्हॉल्यूम आणि फोल्डरनिहाय कोटा. वेगळा व्हॉल्यूम खरंच लागतो तो कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी, कारण ते मिळेल तेवढी जागा खातं.

क्यूनॅपवर व्हॉल्यूमचे तीन प्रकार दिसतात. स्टॅटिक व्हॉल्यूम थेट रेड गटावर बसतो. वेग चांगला, पण स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती) नाहीत. थिक व्हॉल्यूम पूलमधून आपली पूर्ण जागा आधीच अडवतो. थिन व्हॉल्यूम लागेल तशी घेतो. थिनमध्ये १० टीबीच्या पूलवर ८-८ टीबीचे दोन व्हॉल्यूम काढता येतात, आणि धोका नेमका तिथेच आहे: पूल भरला की त्यावरचे सगळे थिन व्हॉल्यूम एकदमच अडकतात आणि त्यांच्यावर चालणारे डेटाबेस नि व्हर्च्युअल मशीन मध्येच लिहिताना थांबतात. थिन घ्यायचाच तर पूलसाठी ७५ टक्क्यांवर इशारा लावून ठेवा.

आयस्कझी लन एका वेळी एकाच संगणकाला जोडा. दोघांना जोडला तर दोघेही ती आपलीच डिस्क समजून लिहितात आणि फाइल सिस्टिमचा चिवडा होतो. दोघांना मिळून वापरायचं असेल तर शेअर्ड फोल्डर आहेच.

फाइल सिस्टिमच्या निवडीत बीटीआरएफएस आणि ईएक्सटी४ असे दोन पर्याय दिसले तर स्नॅपशॉटसाठी बीटीआरएफएस घ्या. तिची स्वतःची रेड ५ आणि ६ ची सोय भरवशाची नाही म्हणतात ते खरं आहे, पण सिनॉलॉजी ती वापरतच नाही. खाली लिनक्सचं नेहमीचं रेड असतं आणि वर बीटीआरएफएस. शेअर्ड फोल्डर बनवताना डेटा चेकसमची (फाइल बिघडली का ते ताडून बघायच्या आकड्याची) खूण आठवणीने करा. फोल्डर झाल्यावर ती करता येत नाही, आणि तिच्याशिवाय स्क्रबिंगला (सगळा डेटा वाचून तपासण्याला) फाइलमधला बिघाड ओळखता येत नाही.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस दोन्ही जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहितात. म्हणून जागा कमी पडू लागली की त्या मंदावतात. ८० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. पूर्ण भरलेल्या बीटीआरएफएसवर तर फाइल पुसायलाही जागा मिळत नाही, कारण पुसल्याची नोंद लिहायलाही जागा लागते. अशा वेळी आधी सगळ्यांत जुने स्नॅपशॉट काढा.

‘दोनशे जीबी पुसले तरी जागा तेवढीच’ या कोड्याचं उत्तर जवळजवळ नेहमी दोन ठिकाणी असतं. एक म्हणजे फोल्डरमधला रिसायकल बिन. दुसरं स्नॅपशॉट: ज्या स्नॅपशॉटने ती फाइल धरून ठेवली आहे तो जाईपर्यंत जागा सुटत नाही. तासातासाचे चोवीस, दिवसाचे चौदा, आठवड्याचे आठ एवढे स्नॅपशॉट बहुतेकांना पुरतात. मुदत लावलीच नाही तर ते साठत जातात. स्नॅपशॉट काढल्यावर जागा परत यायला काही मिनिटं ते काही तास लागू शकतात, कारण ती मोकळी करण्याचं काम मागे चालू असतं.

स्मार्टचे आकडे वाचताना

स्मार्टच्या यादीत वीस-पंचवीस ओळी असतात. रोज बघण्यासारख्या चार. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले. १९८ म्हणजे चाचणीतही न सुधारलेले. या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य हवा. ५ वर आठ-दहा आले आणि महिनोन् महिने तिथेच राहिले तर डिस्क चालू ठेवता येते. दर आठवड्याला वाढत असतील तर हमी असेपर्यंत बदलून घ्या. १९७ चा आकडा मात्र एकवर आला तरी विस्तारित चाचणी लावा.

चौथी ओळ १९९. ती डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल काही सांगत नाही. ती आहे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातल्या चुकांची. केबल ढिली, कनेक्टरवर धूळ, ट्रे नीट न बसलेला, किंवा वीजपुरवठा थकलेला. हा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून तो वाढतोय का एवढंच बघायचं. डिस्क दुसऱ्या बेमध्ये (डिस्कच्या खणात) टाकून बघा: चुका जुन्या बेमध्येच राहिल्या तर बे दोषी, डिस्कसोबत गेल्या तर डिस्क. अर्थात ही अदलाबदल नॅस बंद करूनच. ही ओळ न ओळखता आल्याने कित्येक चांगल्या डिस्क भंगारात जातात.

सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. तिथे एकाच संख्येत दोन गोष्टी बांधलेल्या असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ९ क्रमांकाची ओळ चालू तासांची. वर्षाचे ८,७६० धरा. तापमान ३० ते ४५ अंशांत असावं. एकाच नॅसमधली एक डिस्क इतरांपेक्षा सात-आठ अंशांनी गरम असेल तर आधी तिच्यामागचा पंखा बघा.

वेळापत्रक साधं ठेवा: छोटी चाचणी आठवड्याला, विस्तारित महिन्याला, स्क्रबिंग एक ते तीन महिन्यांतून एकदा. विस्तारित चाचणी आणि स्क्रबिंग एकाच रात्री लावू नका, दोन्ही रखडतात. स्क्रबिंगचा खरा उपयोग असा की वर्षभर कोणी न वाचलेल्या फाइलमधला खराब सेक्टर आधीच सापडतो. तो रीबिल्डच्या वेळी सापडणं परवडत नाही.

बिघडलेली डिस्क बदलणं

पूल ‘डिग्रेडेड’, म्हणजे अपुऱ्या डिस्कांवर चालणारा, झाला, नॅस पिपाणी वाजवतंय. आवाज आधी बंद करा, तो सेटिंगमधून बंद होतो. नंतर:

१. जे गमावून चालणारच नाही ते आधी बाहेर कॉपी करा. सगळं नाही, तेवढंच. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या डिस्कांना सलग मेहनत.

२. बिघडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक पडद्यावरून कागदावर उतरवा. बे क्रमांकावर एकट्यावर विसंबू नका. काही यंत्रांत मोजणी डावीकडून असते, काहींत वरून, आणि स्वतः जुळवलेल्या संगणकात केबल कशाही लागलेल्या असतात. ‘लोकेट’ची सोय असेल तर तिने दिवा लुकलुकवा.

३. डिस्क अजून चालू दिसत असेल तर सॉफ्टवेअरमधून ती निष्क्रिय करा. सिनॉलॉजीत ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’, ट्रूनॅसमध्ये ‘ऑफलाइन’. हॉट-स्वॅप, म्हणजे चालू असताना डिस्क बदलायची सोय, नसलेलं यंत्र असेल तर सरळ बंद करा.

४. ट्रेची खिट्टी उघडून तो दोन-तीन सेंटिमीटरच पुढे ओढा, कनेक्टर सुटेल इतकाच. आता अर्धा मिनिट थांबा. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारत असते. हातात धरून ट्रे वळवला तर तो भोवऱ्यासारखा हाताला विरोध करतो आणि तबकडी व तिच्यावरून वाचणारं हेड यांची भेट होऊ शकते. घरघर पूर्ण थांबली की बाहेर काढा. स्टिकरवरचा अनुक्रमांक कागदाशी ताडून बघा. जुळला नाही तर तिथेच थांबा. चुकीची डिस्क ओढली गेली असेल आणि पूल कोसळला असेल तर काहीही न दाबता नॅस बंद करा, डिस्क त्याच जागी परत लावा आणि मग चालू करा.

५. नवी डिस्क ट्रेवर बसवा. ३.५ इंची डिस्कला ६-३२ आट्यांचे स्क्रू लागतात, २.५ इंचीला एम३. दिसायला जवळजवळ सारखे, पण एम३ मोठ्या डिस्कमध्ये फिरवला तर सैल बसतो, आणि ६-३२ लहानात घुसवला तर आटे जातात. चारही स्क्रू हाताने टेकेपर्यंतच आवळा. ट्रे आत सरकवताना शेवटचा टप्पा खिट्टीने बंद करा, तळहाताने ढकलून नाही.

६. नवी डिस्क यादीत दिसेपर्यंत मिनिटभर वाट बघा, मग पूलवर ‘रिपेअर’ किंवा ‘रिप्लेस’ निवडा. ‘या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल’ असा इशारा येईल. त्यात दाखवलेली डिस्क नवीच आहे याची खात्री करा. ‘क्रिएट स्टोरेज पूल’, ‘इनिशियलाइझ’, ‘इरेज’ यांतलं काहीही इथे लागत नाही. फक्त डिस्क आधी दुसऱ्या यंत्रात वापरलेली असेल तर नॅस तिला परका पूल समजतं, आणि ती आधी रिकामी करावी लागते.

८ टीबीच्या डिस्कला सरासरी १५० एमबी प्रति सेकंद या वेगाने सुमारे १५ तास लागतात. वापर चालू ठेवला तर दुप्पट. टक्केवारी सुरुवातीला भराभर पुढे जाते आणि शेवटी रेंगाळते, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त आणि आतल्या कडेला जवळपास निम्मा असतो. ९० टक्क्यांवर मंदावलं म्हणून रीस्टार्ट करू नका. झेडएफएस फक्त वापरलेली जागा भरतं, म्हणून अर्ध्या रिकाम्या पूलवर ते लवकर आटोपतं. या काळात पंखे पूर्ण वेगावर ठेवा, स्क्रबिंग आणि रात्रीचे मोठे बॅकअप थांबवा. यूपीएस असेल आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडलेली नसेल तर आता जोडा, म्हणजे वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होईल.

जागा वाढवणं

रिकामा बे असेल तर एक डिस्क वाढवणं सोपं. सिनॉलॉजी आणि क्यूनॅपमध्ये पूल मोठा करता येतो. झेडएफएसमधल्या रेड-झेड (पॅरिटीवाल्या) गटात मात्र एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये आली. त्याआधी पूर्ण नवा गटच जोडावा लागे. इथली जीवघेणी चूक अशी: वाढवायची म्हणून एकटी डिस्क स्वतंत्र व्हीडेव्ह म्हणून जोडली जाते. डेटा सगळ्या व्हीडेव्हवर पसरतो, त्यामुळे ती एकटी गेली की पूर्ण पूल जातो. आणि पूलमध्ये रेड-झेड असेल तर ती परत काढताही येत नाही. ट्रूनॅस असं करताना इशारा देतं. तो बाजूला सारून पुढे जाण्याचं कुठलंही चांगलं कारण नाही.

सगळे बे भरलेले असतील तर एकेक डिस्क मोठीने बदलायची. क्यूनॅपमध्ये ‘रिप्लेस डिस्क्स वन बाय वन’ हा पर्याय त्यासाठीच आहे. ४ टीबीच्या चार काढून ८ च्या चार लावायच्या म्हणजे चार रीबिल्ड, आणि रेड ५ मध्ये त्या प्रत्येक वेळी संरक्षण शून्य. दोन बदलांमध्ये पूल पूर्ण ‘हेल्दी’ झाल्याशिवाय पुढच्या डिस्कला हात लावू नका. साध्या रेड ५ मध्ये चौथी डिस्क बसेपर्यंत एक जीबीही वाढलेली दिसत नाही. एसएचआरमध्ये दुसरीपासून वाढायला लागते. एखादा बे रिकामा करता आला तर जुनी डिस्क आत असतानाच नवीवर उतरवा. त्यात पूल डिग्रेडेड होतच नाही.

सगळं झाल्यावर ‘जागा वाढलीच नाही’ अशी तक्रार हमखास येते. वाढलेला असतो तो पूल, व्हॉल्यूम नाही. तो वेगळा वाढवावा लागतो. ट्रूनॅसमध्ये पूलचा ‘एक्सपांड’ पर्याय बघा. ३२-बिट प्रोसेसरच्या जुन्या नॅसवर व्हॉल्यूम १६ टीबीला येऊन अडतो: ब्लॉक ४ केबीचा, ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांचा, दोन्हींचा गुणाकार तेवढाच होतो. तिथे दुसरा व्हॉल्यूम काढण्यावाचून उपाय नाही.

एसएसडी कॅश

केवळ वाचनासाठीची कॅश एका एसएसडीवर चालते, आणि ती मेली तरी डेटाला धक्का लागत नाही. वाचन-लेखन कॅशला दोन एसएसडी मिररमध्ये हव्यात, कारण अजून हार्ड डिस्कवर न उतरलेला ताजा डेटा फक्त तिथेच असतो. ती काढायची असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून कॅश काढून टाका, सगळं खाली उतरेपर्यंत थांबा, मग एसएसडीला हात लावा. मोठ्या व्हिडिओ फाइल सलग वाचणाऱ्याला कॅशचा उपयोग जवळजवळ शून्य. व्हर्च्युअल मशीन, डेटाबेस, हजारो बारीक फाइल असतील तरच फरक जाणवतो. त्याआधी रॅम वाढवून बघावी, ती बहुतेकदा स्वस्तात जास्त काम करते.

पूल कोसळलाच तर

रेड ५ मधल्या दोन डिस्क एकदम गेल्या असं दिसतं तेव्हा दोन्ही खरोखर मेल्या असण्यापेक्षा वीज, बॅकप्लेन (सगळ्या डिस्क ज्याला जोडल्या जातात तो बोर्ड) किंवा केबलमुळे सुटल्या असण्याची शक्यता आधी तपासा. नॅस बंद करा. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून ‘बघू येतंय का’ हा प्रयोग नको. प्रत्येक ट्रेवर बे क्रमांक लिहून मगच डिस्क बाहेर काढा. चालू करताना नॅसने नव्याने सेट-अप करायला सांगितलं आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल असं म्हटलं तर तिथून मागे फिरा.

दोन डिस्कांपैकी आधी कोणती सुटली ते लॉगमध्ये शोधा. आधी सुटलेलीवरचा डेटा शिळा असतो; नंतर सुटलेली डिस्क उपयोगाची. ती दुसऱ्या संगणकाच्या साटा पोर्टला जोडा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवा. सोबत मॅप फाइल ठेवायला विसरू नका. तिच्यामुळे मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं आणि खराब भाग शेवटी घेता येतो. टकटक आवाज येणाऱ्या डिस्कवर हे करू नका. ती बंद ठेवा आणि डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या, कारण तुटलेलं हेड प्रत्येक फेरीला पृष्ठभाग खरवडत असतं.

सिनॉलॉजीचं रेड लिनक्सच्या नेहमीच्या एमडी आणि एलव्हीएम या स्टोरेजच्या सोयींवर उभं असल्यामुळे, पुरेशा डिस्क वाचता येत असतील तर त्या लिनक्स संगणकाला जोडून गट फक्त-वाचन अवस्थेत उघडता येतो. उरलेल्या चांगल्या डिस्कांसोबत इथे क्लोन, म्हणजे डीडीरेस्क्यूने उतरवलेली प्रत, जोडा. मूळ डिस्क स्थितिक विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि सगळ्या फाइल दुसरीकडे उतरून दोन-चार उघडून बघेपर्यंत ती पिशवी उघडू नका.